१०८ ला फोन लावल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंत : वाडी-वस्तीने रुग्णवाहिकेची तयारी कशी करायची

रात्रीचा एक वाजला होता. शेजारच्या अण्णांचं तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता आणि ते काय बोलताहेत ते कळत नव्हतं. त्यांच्या सुनेने दार ठोठावून आम्हाला उठवलं. मी १०८ ला फोन लावला. पत्ता विचारल्यावर सांगितलं, ‘मारुतीच्या देवळाजवळ या.’ आमच्या तालुक्यात आमच्याच नावाची आणखी एक वाडी आहे आणि मारुतीचं देऊळ दोन्हीकडे आहे. गाडी तिकडे गेली. चूक लक्षात येऊन ती आमच्या फाट्यावर येईपर्यंत पाऊण तास उलटला होता. ज्या दवाखान्यात आधी पोहोचलो तिथे सीटी स्कॅनची सोय नव्हती, म्हणून तिथून पुढे. अण्णा वाचले, पण उजवा हात परत आला नाही.

त्या रात्री गाडी होती, गाडीवर डॉक्टर होते, रस्ताही बरा होता. वेळ खाल्ला तो माझ्या अर्धवट पत्त्याने आणि कुठे न्यायचं हे आधी माहीत नसण्याने. तेव्हापासून मी आणि गावातले चार-पाचजण या एकाच गोष्टीच्या मागे आहोत. रुग्णवाहिका सरकारची असते, पण तिच्या वाटेतली बरीच मिनिटं गावाच्या हातात असतात. ती कशी वाचवायची, ते पायरीपायरीने लिहितो आहे.

कोणता नंबर कशासाठी

भारतात १०८ ची सेवा ऑगस्ट २००५ मध्ये हैदराबादहून सुरू झाली. गोव्यात ती २००८ मध्ये आली. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरुवात झाली. त्यांपैकी २३३ गाड्या व्हेंटिलेटरसारखी जास्तीची साधनं असलेल्या होत्या, तर ७०४ प्राथमिक साधनांच्या. आपल्याकडची खास गोष्ट अशी की गाडीवर डॉक्टर असतो. त्यामुळे गाडी दारात आली की उपचार तिथेच सुरू होतात. ‘गाडी येईपर्यंत आपल्याच जीपने निघू’ असं ठरवताना हे लक्षात ठेवा. जीप वेगाने नेईल, पण वाटेत ऑक्सिजन किंवा सलाईन देणार नाही.

१०२ ही गाडी बाळंतीण आणि बाळासाठी. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर बाईला घरून दवाखान्यात नेणं, गरज पडली तर पुढच्या रुग्णालयात पोहोचवणं आणि बाळंतपणानंतर परत घरी सोडणं, हे तिन्ही मोफत आहे. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही हा हक्क आहे. ही गाडी बहुतेक ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच उभी असते. म्हणून १०२ बरोबरच त्या केंद्राचा आणि तिथल्या चालकाचा नंबर घरात लिहून ठेवा. अपघात, मारामारी, आग अशा वेळी ११२ लावला तरी चालतो.

या गाड्यांना पैसे लागत नाहीत, आधार कार्ड लागत नाही, रेशन कार्डही लागत नाही. कागद शोधण्यासाठी गाडी दारात उभी ठेवू नका. कागद मागून मोटारसायकलवर आणता येतात.

फोनवर काय बोलायचं

१०८ चा फोन तुमच्या तालुक्यात वाजत नाही, तो राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो. समोरच्या माणसाने तुमचं गाव कधी पाहिलेलं नसतं. त्याला ‘पारापाशी’, ‘पाटलांच्या वाड्यामागे’ हे कसं कळणार? पत्ता वरून खाली सांगायचा : जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, वाडी, आणि डांबरी रस्त्यावरून कुठल्या फाट्याला वळायचं ते. वाडीच्या नावाची दुसरी वाडी असेल तर ते तिथेच सांगून टाका.

आम्ही हे वाक्य एकदा नीट जुळवलं आणि ते शाळेच्या भिंतीवर, अंगणवाडीत, पिठाच्या गिरणीवर आणि प्रत्येक घरात फोनच्या चार्जरजवळ चिकटवलं. घाबरलेल्या माणसाने फक्त वाचायचं. त्यातली पहिली ओळ वाडीवाडीला बदलते, बाकी सगळं एकच असतं :

‘जिल्हा अमुक, तालुका अमुक, ग्रामपंचायत अमुक, वाडी अमुक. मुख्य रस्त्यावर पाण्याच्या टाकीशी डावीकडे वळायचं, तिथून दोन किलोमीटर. फाट्यावर आमचा माणूस बॅटरी घेऊन उभा राहील. त्याचा मोबाइल नंबर हा.’

त्यानंतर आजाराचं सांगायचं, तेही तीन गोष्टींत : वय, नेमकं काय झालं, कधीपासून. शुद्धीवर आहे का आणि श्वास चालू आहे का, हे ते विचारतातच. त्यांनी सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. पुढे गाडीवरच्या डॉक्टरांशी किंवा चालकाशी बोलणं झालं की त्यांना मोबाइलवरून लोकेशन पाठवा. ज्या मोबाइलवरून फोन केला तो मोकळा ठेवा. आमच्याकडे एकदा फोन करणाऱ्यानेच नातेवाइकांना खबर द्यायला सुरुवात केली आणि चालकाला दहा मिनिटं लाइन व्यस्त मिळत राहिली. नातेवाइकांना कळवायला दुसरा मोबाइल घ्यायचा, हा नियम त्यानंतर केला.

आणि रेंज. डोंगरातल्या वस्तीत रेंज दगडावर असते, चिंचेखाली असते, टाकीच्या जिन्यावर असते. ती जागा घरातल्या लहान मुलालाही माहीत हवी. आमच्या वरच्या वस्तीत तिथल्या दगडावर पांढऱ्या रंगाने फोनचं चित्र काढलं आहे.

गाडी येईपर्यंतचा वेळ

या काळात काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही, यानेच जास्त जीव वाचतात.

सापाचं आधी सांगतो, कारण पावसाळ्यात आमच्याकडे तीच भीती मोठी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांमुळे आपल्याकडे बहुतेक विषबाधा होतात आणि त्या चौघांवर एकच लस चालते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेली असते. तेव्हा चावल्यावर दोरीने आवळणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, मांत्रिकाकडे नेणं, यातलं काहीही करू नका. हाताला चावलं असेल तर अंगठी, बांगड्या लगेच काढा. पायाला चावलं असेल तर पैंजण, जोडवी काढा. सूज चढली की ती निघत नाहीत. मोडलेल्या हाडाला बांधतो तसा तो हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. माणसाला चालू देऊ नका. चावल्याची वेळ लिहा. साप मारायला किंवा धरायला जाऊ नका, त्यात दुसऱ्याला चावतो.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे माणूस पोटदुखीने उठतो, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं. घरचे अपचन समजून ओवा देतात. पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटेची पोटदुखी आणि मिटणाऱ्या पापण्या असं एकत्र दिसलं तर सापच समजा आणि १०८ लावा.

विंचवाच्या बाबतीत कोकणाने देशाला एक धडा दिला आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन नावाची साधी गोळी विंचूदंशात किती उपयोगी पडते ते दाखवलं, आणि लाल विंचवाने होणारे मृत्यू त्यामुळे खूप कमी झाले. मोठ्या शहरापर्यंतची धाव दरवेळी लागत नाही. योग्य औषध जवळच्या केंद्रात वेळेत मिळणं, याचाच तो धडा आहे.

छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जातेय, अशा माणसाला रस्त्यापर्यंत चालवत नेऊ नका. माणूस ‘मी येतो चालत, काही नाही झालंय’ म्हणतो. ऐकू नका. खुर्चीत बसवून चौघांनी उचला. ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत बसू नका. ॲस्पिरिनची गोळी घरात असेल तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारून द्या.

माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर गाडीची वाट न पाहता छाती दाबायला लागा. पाठीवर, कडक जमिनीवर झोपवा. छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात की दुसऱ्याने लगेच घ्यायचं. आम्ही हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून उशीवर शिकलो. गावातल्या दहा जणांना तरी हे हाताला माहीत हवं, कारण मेंदू फार थोडी मिनिटं वाट पाहतो.

पक्षाघातात एकच प्रश्न सोन्याचा : शेवटचं बरं कधी पाहिलं होतं? अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. वेळ सांगता आली नाही तर डॉक्टरांचे हात बांधले जातात. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही घालू नका, गिळता न आल्याने ते फुप्फुसात जातं.

अपघातात रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा, पुन्हा पुन्हा उचलून बघू नका. मान हलवू नका. आग किंवा तसाच धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

फवारणीचं किंवा प्यालेलं विष असेल तर डबा किंवा बाटली सोबत न्या, त्यावरच्या नावावरून उपचार ठरतो. मीठ-पाणी पाजून उलटी करायला लावू नका. कपडे काढून अंग भरपूर पाण्याने धुवा, आणि धुणाऱ्यानेही हातात पिशवी घालावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकऱ्या-मजुरांचे जे मृत्यू झाले ते आठवा. सुरुवातीला डोकं गरगरणं, मळमळ, अंधारी एवढंच असतं आणि माणूस झोपून बरं वाटेल म्हणून घरी जातो.

बाळंतपणाची गाडी आधी ठरवायची

बाकी संकटं सांगून येत नाहीत, बाळंतपणाची तारीख मात्र कार्डावर लिहिलेली असते. तरीही आमच्याकडे सर्वांत जास्त धावपळ त्याचीच व्हायची. आता आशाताई आठव्या महिन्यात घरी येऊन सासू, नवरा आणि त्या बाईला एकत्र बसवून पाच गोष्टी ठरवतात : कुठल्या दवाखान्यात जायचं, गाडी न आल्यास कुणाची जीप, सोबत कोण, घरच्या मुलांना कोण बघणार, रक्त लागलं तर कोण देणार. सोबत कोण जाणार हा प्रश्न छोटा वाटतो, पण शेतीच्या दिवसांत बाई दवाखान्यात जायचं टाळते ते मागे घर आणि म्हैस बघायला कुणी नाही म्हणून.

रक्तस्राव, झटके, डोकं फुटेल असं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल थांबणं, पाणी जाऊन बराच वेळ होऊनही कळा न येणं, यांपैकी काहीही झालं तर कळांची वाट पाहायची नाही. गाडीत तिला डाव्या कुशीवर झोपवा. मातेचं आणि बाळाचं कार्ड तिच्या पिशवीत आठव्या महिन्यापासूनच असू द्या.

पावसाळ्यात ओढा भरला की वाट बंद, अशा वस्तीला रुग्णवाहिका हे उत्तरच नाही. तिथे बाईला आठ-दहा दिवस आधी खाली आणून ठेवणं हेच उत्तर आहे. राज्याच्या आदिवासी भागांत त्यासाठी आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहेत, तिथे गरोदर बाई एका नातलगासोबत आधीच येऊन राहू शकते. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या काठच्या पाड्यांसाठी तरंगते दवाखाने आहेत. गडचिरोलीत अजूनही खाटेची कावड करून माणसं खांद्यावर रुग्णाला रस्त्यापर्यंत आणतात. चाकं जिथे थांबतात तिथून पुढे माणसांचे खांदेच रुग्णवाहिका असतात, आणि तीही तयारीत ठेवावी लागते.

आम्ही झोळीऐवजी दोन सारख्या लांबीचे बांबू आणि खताच्या दुहेरी पोत्यांचं स्ट्रेचर शिवून घेतलं. झोळीत माणूस वाकतो, श्वासाचा त्रास असलेल्याला ते जाचतं. ते समाजमंदिरात, कुलूप न लावता, दाराच्या मागे टांगलेलं असतं. सोबत एक बॅटरी आणि दोन दोऱ्या. दर दिवाळीला आणि पावसाआधी एक धडधाकट माणूस त्यात झोपवून खालच्या रस्त्यापर्यंत नेऊन बघतो. गेल्या वर्षी त्यातच कळलं की वळणावरची घाणेरी वाढल्याने दोघांना बाजूबाजूने चालताच येत नाही.

कुठे न्यायचं

या एका प्रश्नाने अण्णांचा हात घेतला, म्हणून त्यावर जरा थांबतो.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल, ही उतरंड आहे. प्रत्येक पायरीवर वेगळ्या सोयी असतात. साध्या बाळंतपणाला, सापाला, जुलाबाला केंद्र पुरतं. सिझेरियनला भूलतज्ज्ञ आणि रक्त लागतं, ते काही ठिकाणीच असतं. सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग त्याहून पुढे. कागदावर सोय असणं वेगळं आणि रात्री दोनला ती चालू असणं वेगळं.

आमच्या शाळेच्या भिंतीवर एक फळा आहे. उभ्या ओळीत आसपासच्या पाच दवाखान्यांची नावं. आडव्या ओळीत : सापाची लस, सिझेरियन, रक्त, एक्स-रे, सीटी स्कॅन, लहान बाळांचा विभाग, रात्री डॉक्टर. दर तीन महिन्यांनी आम्ही फोन करून, नाहीतर प्रत्यक्ष जाऊन, खडूने सुधारतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कुठल्या खासगी रुग्णालयात चालते तेही लिहितो. गाडीवरचे डॉक्टर योग्य ठिकाण ठरवतातच, त्यांचं ऐकायचं. पण आपल्याला माहिती असली की ‘डॉक्टर, तिथलं मशीन बंद आहे असं काल कळलं’ एवढं सांगता येतं.

एका दवाखान्याने पुढे पाठवलं तर तीन गोष्टी मागा. संदर्भ चिठ्ठी, त्यावर वेळ आणि दिलेली औषधं. पुढच्या दवाखान्याला इथल्या डॉक्टरांनी केलेला फोन. आणि पुढची गाडी. १०८ ची गाडी एका दवाखान्यातून दुसरीकडे न्यायलाही मिळते. पुढे पाठवलं म्हणून डॉक्टरांवर ओरडू नका, बहुतेक वेळा ते बरोबरच करत असतात. आपली मागणी एवढीच, की रुग्ण पोहोचण्याआधी त्याची बातमी पोहोचावी.

गाडी फारच लांबून येणार असेल तर नियंत्रण कक्षाला सांगून आपल्या जीपने निघा आणि वाटेत ठरलेल्या जागी रुग्णाला रुग्णवाहिकेत घ्या. जागा आधीच पक्की करा, नाहीतर दोन गाड्या एकमेकींना चुकवतात. मान किंवा पाठ दुखावलेल्या रुग्णाला मात्र असं हलवायचं नाही.

पोलिसांची भीती

रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला हात लावला तर आपण अडकू, ही भीती लोकांच्या मनात अजून आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला लागत नाही, आणि त्याला स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. पोलीस केस आहे म्हणून डॉक्टर उपचार थांबवू शकत नाहीत, हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. हे दोन्ही आम्ही फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मोठ्या अक्षरांत लावलं आहे, कारण अपघात झाला की आधी तिथलेच लोक धावतात.

वही

सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत उपयोगाचं काम हेच. आशाताईंकडे एक दोनशे पानी वही आहे. प्रत्येक वेळी पाच वेळा लिहायच्या : त्रास कधी सुरू झाला, फोन कधी लावला, गाडी कधी आली, पहिल्या दवाखान्यात कधी पोहोचलो, खरा उपचार कधी सुरू झाला. गाडी मिळाली नाही तर काय कारण सांगितलं तेही, त्यांच्याच शब्दांत.

वर्षभराने ती वही उघडली तेव्हा आमचाच समज खोटा ठरला. आम्ही गाडी उशिरा येते म्हणून तक्रार करत होतो. वहीत दिसलं की सर्वाधिक वेळ पहिल्या दोन नोंदींमध्ये जातो, म्हणजे त्रास सुरू होणं आणि फोन लावणं यांच्यात. घरात कुणाला विचारायचं, सकाळपर्यंत बघू, भगताला बोलावू. म्हणून त्या वर्षी आम्ही महिला बचत गटांच्या बैठकांत धोक्याच्या खुणा सांगितल्या.

दुसऱ्या वर्षी मात्र वही सरकारदरबारी कामाला आली. आठ वेळा ‘गाडी दुरुस्तीला आहे’ हे उत्तर, तारखांसह. ते ग्रामसभेच्या ठरावाला जोडून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना दिलं. ‘गाडी वेळेवर येत नाही’ या तोंडी तक्रारीला जे उत्तर मिळत नव्हतं, ते या आठ तारखांना मिळालं आणि पर्यायी गाडीची सोय झाली. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं आहे. जनसुनवाईत अशाच नोंदी मांडल्या जातात. बोर्ड, बॅटरी, स्ट्रेचर यांचा खर्च गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या अबंधित निधीतून करता येतो, त्यासाठी सरपंच आणि आशाताईंनी एकत्र बसून ठराव घ्यायचा.

गाडीवरच्या माणसांशी ओळख ठेवा. चालक आणि डॉक्टर कंत्राटी असतात, रात्रभर जागतात. आमच्याकडे एकदा कोरडा दिवस बघून त्यांना गावात बोलावलं, सगळ्या वाड्यांच्या वाटा दाखवल्या आणि पिठलं-भाकरी खाऊन ते गेले. चालकाने तेव्हाच सांगितलं की आमच्या खालच्या पुलावर त्यांची गाडी वळत नाही, उलटी घ्यावी लागते. आता फाट्यावर उभा राहणारा मुलगा बॅटरी घेऊन मागे चालत गाडी घेतो.

वहीतली शेवटची नोंद गेल्या महिन्यातली आहे, वरच्या वस्तीतल्या एका बाईची. रात्री ११.१० ला पाणी गेलं, ११.१५ ला फोन, १२.०५ ला १०२ फाट्यावर, १२.५० ला ग्रामीण रुग्णालय, ३.४० ला मुलगी, २ किलो ७०० ग्रॅम. आशाताईंनी त्याखाली सहावी ओळ स्वतःहून वाढवली आहे : तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता गाडीने दारात आणून सोडलं.